मंदु

डॉक्टरांनी केतकीच्या पाठीमागे उभं राहून एक छोटी पितळी घंटी वाजवली. ती लगेच वळली. मग त्यांनी टेबलावर चमचा आपटला, दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन चुटकी वाजवली, खिडकीपाशी उभं राहून हळूच कागद चुरगाळला. प्रत्येक वेळी तिची मान आवाजाकडे फिरली. शेवटी तिला त्या खेळाची गंमत वाटायला लागली आणि ती हसली.

मीही हसले. म्हटलं, "म्हणजे ऐकू येतंय हिला."

"उत्तम ऐकू येतंय," डॉक्टर म्हणाले. ते हसले नाहीत. त्यांनी तिला समोर बसवून नाव विचारलं, नाक कुठं आहे विचारलं, माऊ कशी ओरडते ते विचारलं. केतकीनं माझ्या पदरात तोंड खुपसलं ते काढेचना. तीन वर्षं आणि दोन महिन्यांची मुलगी. घरात ती 'आई' म्हणायची, 'बाबा' म्हणायची आणि पाच-सहा निरर्थक आवाज काढायची. तेवढंच.

मी गेले होते ते तिला ऐकू येत नसणार असं मनाशी धरून. कानाचं यंत्र मिळतं, ते लावलं की मुलं हळूहळू बोलायला लागतात, असं ऑफिसातल्या एकीनं सांगितलं होतं. त्या यंत्राचीसुद्धा मी तयारी केली होती. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि अगदी सावकाश, समजुतीच्या आवाजात सांगितलं की, ऐकू येत असून मूल एवढ्या वयात बोलत नसेल तर बुद्धीची वाढ मंद असू शकते. नक्की सांगता येत नाही. पुण्यात तपासून घ्या. आणि तोवर तिला माणसांत ठेवा, तिच्याशी भरपूर बोला.

रिक्षात ती माझ्या मांडीवर उभी राहून मागं पळणारी दुकानं बघत होती. मी तिला घट्ट धरलं होतं आणि एका शब्दानं बोलले नव्हते.

ही सत्याऐंशी सालच्या एप्रिलमधली गोष्ट. त्या वेळी मी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, तोंडापुढं माउथपीस, समोर प्लगांच्या रांगा. दिवसभर बार्शी, लातूर, विजापूर, मुंबई. कुणाचा माल अडकलाय, कुणाला मुलगा झालाय, कुणी गेलंय. पहिल्या 'हॅलो'वरून समोरचा माणूस घाईत आहे का घाबरलाय ते मला कळायचं. ड्यूटी संपली की कानांत तास-दोन तास गुणगुण राहायची. घरी आल्यावर मी अंधाऱ्या खोलीत ओल्या फडक्यानं कान झाकून पडायचे. केतकी येऊन शेजारी बसायची. मी ओठांवर बोट ठेवायचे. ती शहाण्यासारखी गप्प राहायची.

माझा नवरा दिवाकर पाटबंधारे खात्यात. कालव्याच्या कामावर त्याचा मुक्काम असायचा. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. आम्ही दोघं मूळचे कराडकडचे, सोलापुरात नातेवाईक कुणी नाही. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. आजूबाजूला सगळी तेलुगू बोलणारी पद्मशाली माणसं, पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात राहिलेली. बहुतेक घरांत पुढच्या दालनात चार-सहा यंत्रमाग, मागं बिऱ्हाड. सकाळी सातला माग सुरू झाले की बोळात खडखडाट भरून जायचा. महिन्याभरात मला त्याची सवय झाली, पण त्यात कुणाशी बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागायचं. मी फारशी बोलायला जातच नसे.

आमच्यापासून तिसरं घर नरसाबाईंचं. साठीच्या, कपाळावर मोठं कुंकू, हातावर हिरवं गोंदण. त्यांच्या मुलाचे चार माग होते. नरसाबाई दिवसभर दारात चरखा घेऊन मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. केतकी अकरा महिन्यांची असल्यापासून मी तिला त्यांच्याकडे सोडून कामावर जात होते. त्यांचं मराठी बेताचं होतं. स्त्रीलिंग, पुल्लिंग सगळं एकच. संध्याकाळी मी विचारायचे, त्रास नाही ना दिला? त्या मान हलवून ओरडायच्या, "न्हाई ओ. पोरगी लई बोलतो."

त्यांना 'लई खेळते' म्हणायचं असेल, असं मी धरून चालले होते. दोन वर्षं. केतकी बोलत नाही ही गोष्ट मला सलत होती, आणि ती त्यांच्यापाशी काढायला मला कमीपणा वाटत होता. म्हणून मी पुढं कधी काही विचारलं नाही.

तिच्या त्या पाच-सहा निरर्थक आवाजांत एक आवाज 'नीलू' असा काहीतरी होता. दिवाकरच्या धाकट्या बहिणीला घरात नीलू म्हणतात. केतकी 'नीलू, नीलू' करायला लागली की आम्ही भिंतीवरचा फोटो काढून तिच्या हातात द्यायचो. ती फोटोकडे बघायची, आमच्याकडे बघायची आणि रडायला लागायची. आत्याची फार माया आहे हिला, असं आम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगत होतो.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी दिवाकर आला. त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मीच बोर्डावरून कराडच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, आणि सोमवारी सासूबाई आल्या.

सासूबाई बोलायला फटकळ, पण कामाला वाघ. गुडघ्यांचा त्रास जुना होता. आमच्या जिन्याच्या सात पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीला त्यांच्या तोंडून 'आई गं' निघायचं. आल्या आल्या त्यांनी केतकीला जवळ घेतलं, तिच्या केसांतला सुताचा फुफाटा झटकला आणि मला म्हणाल्या, "अगं वैजू, बोलणार कुणाशी ही? बाप रानात, आई तारेवर, आणि ही दिवसभर त्या खडखडाटात."

त्यांचं काही चूक नव्हतं. कराडच्या घरात आठ माणसं होती, दिरांची तीन मुलं होती. वर्षभर केतकीला तिकडे ठेवावं, बोलती माणसं कानावर पडली तर काहीतरी फरक पडेल, असं त्यांनी सुचवलं. दिवाकरनं दोन दिवस रजा घेतली होती. मंगळवारपर्यंत आम्ही तिघं तेच बोलत होतो. जेवताना, चहा पिताना, सासूबाई गुडघ्यांना तेल लावत असताना. मंद म्हणजे किती मंद. मंद मुलं शाळेत जातात का. आमच्या माहितीत कुणी मंद आहे का. आवाज खाली ठेवून बोलत होतो, पण केतकीसमोरच. ती लाकडी रिळं एकावर एक रचत तिथंच बसलेली असायची. तिला कुठं काय कळणार होतं?

पुढच्या रविवारच्या एस.टी.नं तिला न्यायचं ठरलं. दिवाकर शनिवारी येऊन सोबत जाणार होता. खरं सांगायचं तर तसं ठरल्यावर मला थोडं सुटल्यासारखं वाटलं. मग त्याची इतकी लाज वाटली की दोन दिवस मी सासूबाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

त्या आठवड्यातही सकाळी केतकी दाराशी जाऊन रडायची. सासूबाई दोन दिवस सहन करून म्हणाल्या, जाऊ दे तिला त्या बाईकडे, आता चारच दिवस राहिलेत.

शनिवारी माझी सकाळची ड्यूटी होती. सुपरवायझरबाईंना घरची गोष्ट माहीत होती. दहा वाजता त्यांनी स्वतः माझा हेडफोन काढून घेतला आणि जा म्हणाल्या. सिटी बसमधून उतरून मी चालायला लागले. मनात एकच होतं, नरसाबाईंना कसं सांगायचं. त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. दोन वर्षं त्यांनी पोर सांभाळली आणि उद्यापासून ती येणार नाही हे त्यांच्या कानाशी ओरडून सांगायचं होतं.

बोळाच्या तोंडाशी आले आणि काहीतरी वेगळं वाटलं. कळायला दोन क्षण गेले. आवाज नव्हता. वीज गेली होती, आणि सगळ्या घरांतले माग एकदम थांबले होते. त्या बोळात राहायला आल्यापासून भर दिवसा अशी शांतता मी पहिल्यांदा ऐकत होते. कुठंतरी भांडं घासल्याचा आवाज येत होता. कावळा ओरडत होता.

आणि एक लहान मूल बोलत होतं.

खणखणीत, मोकळा आवाज. मागांच्या वर चढून बोलायची सवय झालेल्या माणसांचा असतो तसा, थोडा चढा. घाई नाही. एक वाक्य, मग जरा थांबणं, मग दुसरं वाक्य. ऐकणारी माणसं आपल्या मुठीत आहेत हे ठाऊक असलेल्याचं बोलणं. मला एक अक्षर कळत नव्हतं. तेलुगू होतं. कुणाची तरी गुणी पोरगी आहे, असं मनात आलं.

वळणावर आले तर नरसाबाईंच्या ओट्यावर आणि समोरच्या पायऱ्यांवर आठ-दहा बायका बसल्या होत्या. माग बंद म्हणून सगळ्या बाहेर आलेल्या. मध्ये एका पालथ्या टोपलीवर केतकी उभी होती.

मी तिथंच थांबले, भिंतीला धरून. तिची पाठ अर्धवट माझ्याकडे होती.

ती दोन्ही हातांनी बोलत होती. एक हात कमरेवर ठेवून, दुसरा हवेत गोल फिरवून तिनं काहीतरी केवढं मोठं आहे ते दाखवलं. मग कानाला हात लावून, डोळे मोठे करून ऐकल्यासारखं केलं. एका बाईनं काहीतरी विचारलं. केतकीनं तिला चटकन उत्तर दिलं, आणि सगळ्या बायका हसल्या. दुसरीनं विचारलं तर हिनं हात झटकून तिला थांबवलं. आधी ऐकून तर घे, असं मोठी बाई म्हणते तसं. मग टोपलीवरून उतरून, वाकून, गुडघ्यावर हात ठेवून ती एकेक पाय ओढत चालली आणि मध्येच थांबून मराठीत कण्हली, "आई गं."

ते दोन शब्द तेवढे मला कळले.

आवाज ओळखण्यावर माझं पोट होतं. हजारो माणसांचे आवाज मी ऐकले होते. हा माझ्या पोटच्या मुलीचा आवाज होता आणि मी तो कधी ऐकला नव्हता. हे सगळं तिनं कधी मिळवलं? हे हात, हे थांबणं, प्रश्नाला तोडीस तोड उत्तर देणं. देवळात अचानक घंटा घणघणली की क्षणभर आपण कुठं आहोत ते कळत नाही, तसं काहीतरी झालं होतं. भीती नव्हती. पण पुढं जायचं धैर्यही नव्हतं.

बोलता बोलता तिला तहान लागली. ती नरसाबाईंकडे वळून म्हणाली, "अव्वा, नीळ्ळु."

नरसाबाईंनी शेजारचा पाण्याचा तांब्या उचलून दिला. ती घटाघटा प्यायली, मनगटानं तोंड पुसलं आणि पुढं बोलायला लागली.

मी तिथंच बोळात, धुळीत खाली बसले. तहानलेल्या मुलीच्या हातात आम्ही वर्षभर आत्याचा फोटो देत होतो.

पहिल्यांदा मला पाहिलं ते पद्मानं. नरसाबाईंची सून, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. ती धावत आली, चक्कर आली का विचारायला लागली. सगळ्या बायका उठल्या. केतकीनं मला पाहिलं आणि तिचं तोंड मिटलं. दिवा मालवावा तसं. ती माझ्यापाशी आली, माझ्या खांद्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई."

नेहमीसारखं. तेवढंच.

मी पद्माला विचारलं, ही रोज अशी बोलते? पद्माला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "बोलती की. गप्प कुठं बसती? आमच्या सासूचं डोकं खाती दिवसभर."

"घरी नाही बोलत ती, पद्मा. एक शब्द नाही."

पद्मानं ते नरसाबाईंना सांगितलं. नरसाबाई गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू, अर्धं पद्माकडून, अर्धं त्यांच्या स्वतःच्या मराठीत, उलगडत गेलं. मी कान झाकून पडते हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनीच केतकीला सांगितलं होतं की, आई दिवसभर लोकांचं ऐकून ऐकून दमून येते, तिच्या कानांत दुखतं, घरी गेल्यावर बडबड करायची नाही. एवढंसं पोर ते इतकं मनावर घेईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "मी सांगिटलं," त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "मी. चूक झाला."

मी त्यांचा हात धरला.

एवढ्यात सासूबाई केतकीला अंघोळीला न्यायला आल्या. मला धुळीत बसलेली पाहून त्या घाबरल्या. मी म्हटलं, "आई, केतकी बोलते."

"काय म्हणाली?" त्या झटक्यात खाली वाकल्या.

"सगळं बोलते. तेलुगूत बोलते."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग बायकांकडे, मग केतकीकडे. त्यांना वाटलं मला ऊन लागलंय. पद्मा म्हणाली, थांबा, तुमच्यासमोर बोलायला लावते. नरसाबाईंनी केतकीला जवळ घेऊन तिच्या कानात काहीतरी सांगितलं. आज आईचे कान दुखत नाहीत, असं सांगितलं, हे पद्मा मला नंतर म्हणाली. केतकीनं मान वळवून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी मान हलवली.

मग ती बोलायला लागली. आधी हळू, नरसाबाईंचा पदर बोटाला गुंडाळत. पद्मा एकेका वाक्याचं मराठी करत होती.

"म्हणती, मला डॉक्टरकडं नेलते. डॉक्टरकडं सोन्याची घंटी हाय."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"डॉक्टरनं घंटी वाजिवली, कागद वाजिवला. मी सगळं वळखलं. मग आई रडत घरी आली."

मी रिक्षात रडले होते हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

"मग बाबा आले, कराडची अव्वा आली. आन् सगळे म्हणाले..." पद्मा थांबली आणि हसली. "सगळे म्हणाले, केतकी मंदु हाय."

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. बायका मात्र माना डोलवत होत्या, कौतुकानं. मी पद्माला म्हटलं, "मंद. मंद असं म्हणालो आम्ही."

"तेच की. मंदु," पद्मा म्हणाली. "आमच्यात मंदु म्हणजे औषध."

केतकी आता पदर सोडून उभी राहिली होती. तिला रंग चढला होता. ती सासूबाईंकडे बोट दाखवून भराभर सांगत होती आणि पद्माला तिच्यामागं धावावं लागत होतं. "कराडच्या अव्वाचे गुडघे दुखतेत. जिना चढताना आई गं, आई गं करती. तेल लावलं तरी राहत नाहीत. म्हणून अव्वा एवढ्या लांबून आली. घरात सगळे मंदु, मंदु म्हणतेत, गुपचूप, मला कळू नये म्हणून. पण मला कळलं. मी औषध हाय. उद्या अव्वा मला गाडीत घालून नेणार. गुडघे बरे झाले की परत आणून सोडणार."

पद्मा हसत होती. पलीकडची एक म्हातारी काहीतरी बोलली आणि केतकीनं तिला उत्तर दिलं.

"म्हातारी विचारती, तू ग कशी औषध? तर म्हणती, मला ठाऊक नाही. पण डॉक्टरनं सांगिटलंय म्हटल्यावर असणारच."

बायका पुन्हा हसल्या. आमच्या दोघींखेरीज सगळ्या हसल्या.

सासूबाई ओट्याच्या पायरीला धरून खाली बसल्या. बसताना त्यांच्या तोंडून सवयीनं 'आई गं' निघालं आणि त्यांनी तोंडावर पदर घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी लग्नानंतर तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. सासरे गेले तेव्हाही त्या माणसांची व्यवस्था बघत होत्या.

केतकी त्यांच्याजवळ गेली. दोन्ही हात त्यांच्या उजव्या गुडघ्यावर ठेवले, तळवे पूर्ण पसरून, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. हलली नाही. मग तिनं काहीतरी विचारलं.

पद्मा हलक्या आवाजात म्हणाली, "विचारती, बरं वाटतंय का?"

सासूबाईंनी पदर खाली घेतला.

"सांग तिला," त्या म्हणाल्या, "वाटतंय म्हणावं."

रविवारच्या एस.टी.नं कुणीच गेलं नाही. त्या संध्याकाळी दिवाकर आला, त्यानं सगळं ऐकलं. नीलूच्या फोटोचं ऐकून तो खूप हसला, मग उठून आत गेला आणि तोंड धुऊन आला. सासूबाई आठवड्यासाठी आल्या होत्या त्या तीन आठवडे राहिल्या. रोज नरसाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. दोघींना एकमेकींचं काही कळत नसे, आणि मागांच्या आवाजात ऐकूही येत नसे. तरी दोघी बोलायच्या.

मी घरी आल्यावर कान झाकून पडणं सोडून दिलं. केतकी आधी घाबरत घाबरत, मग धबधब्यासारखी बोलायला लागली. सुरुवातीला सगळं तेलुगूत. मी पद्माकडून शिकून घ्यायचे आणि चुकायचे. तिचं मराठी दिवाळीपर्यंत आलं, एकदम पूर्ण वाक्यांत, नरसाबाईंसारखं सगळं पुल्लिंगात. पुण्याला दाखवायला जावं लागलं नाही. डॉक्टरांना जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की, घरात कुठली भाषा बोलता हे विचारायचं मी विसरलो. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? आमच्या घरात मराठीच बोलत होतो.

केतकी आता चाळिशीची आहे, भूमापन खात्यात आहे आणि फार बोलत नाही. 'मंद' या शब्दाचा आपला अर्थ तिला पुढं शाळेत कळला. कधी कळला ते आम्ही विचारलं नाही. घरात तो शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही. सासूबाई तर देवघरातली समईसुद्धा 'बारीक कर' म्हणायच्या.

पण माझं मन जातं ते त्या शनिवारच्या दुपारी. वीज अजून आली नव्हती. केतकी जेवून चटईवर झोपली होती. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सासूबाई हातपंख्यानं तिला वारा घालत होत्या. झोपेत तिचे ओठ हलायला लागले. आणि ती बोलली. अगदी स्पष्ट. दोन वाक्यं, तेलुगूत.

सासूबाईंचा पंखा थांबला.

"काय म्हणाली?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"मला नाही कळत, आई."

"स्वप्नं पण त्यातच पडतात गं हिला."

आम्ही दोघी तिच्यावर वाकलो. श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून मी तोंडावर हात धरला होता. ती पुन्हा बोलली. मग थांबली, भुवया किंचित वर करून कुणाचं तरी नीट ऐकून घेतलं, आणि हसून त्याला उत्तर दिलं.